एकाच पेटीत ब्लॉक आणि फाइल: संस्थेसाठी युनिफाइड स्टोरेज उभं करताना

स्टोरेज सांभाळायचं काम नव्यानं अंगावर आलं की हाती पडते ती दोन कंट्रोलर असलेली एक पेटी, एक लॉगिन आणि पूर्वीच्या माणसाच्या अर्धवट नोंदी. लॉगिन केल्यावर पडद्यावर एकीकडे ‘लन’, म्हणजे ब्लॉकची जागा, दिसतं, दुसरीकडे ‘शेअर’, म्हणजे फाइलची. दोन्हींपुढे ‘नवीन तयार करा’ असं सारखंच बटण असतं आणि दोन्ही त्याच डिस्कमधून जागा घेतात. मग कुठलंही बटण दाबलं तरी काय फरक पडतो, असं वाटणं साहजिक आहे. फरक पडतो, आणि तो कळायला एकच प्रश्न पुरतो: फाइलसिस्टम, म्हणजे फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, कोणाच्या ताब्यात आहे?

ब्लॉकच्या बाजूनं जागा दिली की सर्व्हरला एक कोरी डिस्क मिळते. तिच्यावर एनटीएफएस, एक्सएफएस की आणखी काही बसवायचं, हे सर्व्हर ठरवतो. आत डेटाबेस आहे, फोटो आहेत की काहीच नाही, याची स्टोरेजला गंधवार्ता नसते. त्याला दिसतात फक्त क्रमांक दिलेले ब्लॉक. फाइलच्या बाजूनं दिलं तर उलट होतं. फाइलसिस्टम स्टोरेजवरच राहते आणि सर्व्हर किंवा माणसाचा संगणक नेटवर्कवरून ‘या फोल्डरमधली ही फाइल दे’ अशी मागणी करतो. नावं, परवानग्या, एकाच फाइलवर दोघांनी हात घातला तर कुलूप कोणाला द्यायचं, हे सगळं स्टोरेज बघतं. पुढची प्रत्येक पायरी या फरकावरच उभी आहे.

युनिफाइड म्हणजे ही दोन्ही कामं करणारी एकच पेटी. पूर्वी या दोन कामांना दोन वेगळ्या पेट्या लागत. ब्लॉकसाठी फायबर चॅनल या स्टोरेजच्या खास नेटवर्कवरचं सॅन आणि फाइलसाठी साध्या नेटवर्कवरचं नॅस. सन मायक्रोसिस्टिम्सनं १९८४ मध्ये आणलेला एनएफएस आणि आयबीएममध्ये जन्मलेला एसएमबी हे फाइलचे दोन जुने प्रोटोकॉल आजही चालू आहेत. साध्या इथरनेटवरून ब्लॉक देणाऱ्या आयस्कझीचं प्रमाण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि दोन्ही कामं एकाच तारेवरून करणं परवडण्यासारखं झालं. नेटअॅपनं आपल्या फाइलच्या पेटीत ब्लॉकची सोय २००२ मध्येच आणली होती. ईएमसीनं आपल्या दोन वेगळ्या मालिका २०११ मध्ये व्हीएनएक्स या एका नावाखाली आणल्या.

तुमची पेटी आतून कशी बांधलेली आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. काहींमध्ये तळाशी ब्लॉकचा पूल, म्हणजे अनेक डिस्कची एकत्र केलेली जागा, असतो आणि फाइलचा थर त्यावर चढवलेला असतो. काहींमध्ये तळाशीच फाइलसिस्टम असते आणि लन ही तिच्या आतली एक वस्तू असते. दुसऱ्या प्रकारात लन ज्या व्हॉल्यूममध्ये (पूलच्या भागात) आहे, त्याच व्हॉल्यूमची जागा तिचे स्नॅपशॉट, म्हणजे ठरावीक क्षणाच्या गोठवलेल्या प्रती, खातात. हे माहीत नसेल तर ‘लन तेवढीच आहे, मग जागा गेली कुठे?’ या कोड्यात अख्खा दिवस जातो.

पहिली पायरी: कोणता डेटा कुठे जाणार, ते कागदावर मांडा

पेटीला हात लावण्याआधी संस्थेतल्या डेटाची यादी करा. तक्त्यात चार रकाने पुरतात: डेटा कोणाचा, किती, किती मशीन तो एकाच वेळी वापरतात आणि तो दिवसभर मिळाला नाही तर काय अडतं. शेवटचा रकाना माहिती विभागातल्या माणसानं स्वतःच्या अंदाजानं भरू नये. लेखा विभागाला, भांडार सांभाळणाऱ्याला जाऊन विचारावं. उत्तरं बहुतेकदा आपल्या समजुतीपेक्षा वेगळी निघतात.

मग वाटणी. अनेक माणसांना किंवा अनेक मशीनना तीच कागदपत्रं हवी असतील तर फाइल. एकच सर्व्हर वापरणार आहे आणि त्यावर स्वतःची लिहिण्याची शिस्त असलेला डेटाबेस आहे, तर ब्लॉक. जुनं सॉफ्टवेअर ‘मला स्थानिक डिस्कच पाहिजे’ म्हणून अडून बसलं, तरी ब्लॉक. आभासी मशीनसाठी दोन्ही चालतं. माणसं कमी असतील तर मी एनएफएसकडे झुकतो, कारण प्रत्येक मशीनची डिस्क ही एक साधी फाइल म्हणून दिसते आणि ती पुसली की जागा लगेच पूलमध्ये परत येते. फायबर चॅनल आधीपासून असेल आणि ते सांभाळणारं माणूस असेल, तर मात्र ते सोडण्याचं कारण नाही.

एक चूक फार ठिकाणी दिसते. युनिफाइड पेटी विकत घेतात आणि तिची लन एका विंडोज सर्व्हरला देऊन त्या सर्व्हरवरून फोल्डर शेअर करतात. पेटी स्वतः शेअर देऊ शकत असताना मध्ये आणखी एक सर्व्हर आला. त्याचे अपडेट आले, त्याची बंद पडण्याची शक्यता आली. विंडोजचीच एखादी खास सोय हवी असेल तर ठीक, नाहीतर हा वळसा घेऊ नका.

याहून गंभीर चूक मी स्वतः पाहिली आहे. एक लन दोन सर्व्हरना जोडलेली होती. पहिल्यावर ती महिनाभर वापरात होती. दुसऱ्यावर काम करणाऱ्यानं ‘दोघांनाही दिसते, म्हणजे दोघांनी वापरायची’ असं समजून तिथूनही लिहायला सुरुवात केली. साधी फाइलसिस्टम असं गृहीत धरते की या डिस्कचा मालक मी एकटीच आहे. कुठला ब्लॉक मोकळा, कुठला भरलेला, याचा हिशेब प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या मेमरीत ठेवतो. दोघांनी एकमेकांच्या लिखाणावर लिहिलं. दुपारपर्यंत फोल्डर गायब व्हायला लागले, आणि रात्रीच्या बॅकअपवरून परत आणताना सकाळचं सगळं काम गेलं. स्टोरेजनं एकही एरर दाखवली नाही. दाखवणार कशी, त्याला फाइल दिसतच नव्हत्या. एक लन अनेक सर्व्हरना द्यायची असेल तर वरची फाइलसिस्टम क्लस्टरसाठीच (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरच्या गटासाठीच) बनवलेली हवी, जशी व्हीएमएफएस किंवा जीएफएस२. इतर सगळ्या ठिकाणी एक लन, एक सर्व्हर.

दुसरी पायरी: आकडेमोड, आणि ती स्वतः करा

डिस्कवर छापलेला टेराबाइट दशमान पद्धतीचा असतो, म्हणजे १ वर १२ शून्यं. बरीच सॉफ्टवेअर १०२४ च्या पटीत मोजतात. त्यामुळे १० टेराबाइट तिथे ९.०९ दिसतात. कोणी फसवलेलं नसतं, मोजपट्टी वेगळी असते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. ८ टेराबाइटच्या १२ डिस्क, म्हणजे कागदावर ९६. एक राखीव ठेवली, रेड ६ मुळे (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचवणाऱ्या रचनेमुळे) दोन डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा परत काढायच्या हिशेबाला, गेली. उरल्या ९, म्हणजे ७२ टेराबाइट. दुसऱ्या मोजपट्टीनं ते साधारण ६५.५ होतात. पूल कधीच काठोकाठ भरायचा नाही म्हणून २० टक्के मोकळी सोडली, की राहिले ५२ च्या आसपास. स्नॅपशॉट यातूनच जाणार. ९६ ऐकून आलेल्या वरिष्ठांना ५२ हा आकडा खरेदीच्या आधीच सांगितलेला बरा.

एकच डिस्क गेलेली सोसणारं रेड ५ का नको, असं हमखास विचारलं जातं. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगानं पुन्हा भरली तरी ८०,००० सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ २२ तास. वर रोजचं काम चालू असेल तर आणखी जास्त. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क गेली तर रेड ५ मध्ये सगळंच गेलं. मोठ्या फिरत्या डिस्कसाठी रेड ६ किंवा त्याहून मजबूत रचनाच घ्या.

आता वेग. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क विखुरलेल्या ठिकाणी वाचताना सेकंदाला साधारण ७५ ते १०० वेळा वाचू शकते. वरच्या उदाहरणातल्या ११ चालू डिस्कच्या, प्रत्येकी ८० धरून, ८८० होतात. पण रेड ६ मध्ये एका छोट्या लिखाणासाठी मागे सहा हालचाली होतात: तीन वाचायच्या, तीन लिहायच्या. म्हणजे निव्वळ लिखाण असेल तर ८८० भागिले ६, सुमारे १४७. कॅशमुळे (लिखाण आधी झेलणाऱ्या मेमरीमुळे) प्रत्यक्षात थोडा दिलासा मिळतो, पण कॅश भरली की हाच आकडा समोर येतो. डेटाबेस आणि आभासी मशीन फ्लॅशवर ठेवा. कागदपत्रं, कॅमेऱ्याचं चित्रण, जुने अहवाल फिरत्या डिस्कवर सुखानं राहतात.

डीडुप्लिकेशननं (सारख्या डेटाची एकच प्रत ठेवून) आणि कॉम्प्रेशननं (डेटा आवळून) जागा अमुक पट वाढेल, असं विक्रेता सांगेल. व्हिडिओ, जेपेग चित्रं आणि आधीच एन्क्रिप्ट केलेला डेटा जवळजवळ आवळलाच जात नाही. एकाच साच्यातली आभासी मशीन मात्र छान आवळली जातात. आपल्याकडे काय आहे, त्यावर गणित करा, माहितीपत्रकातल्या सरासरीवर नको.

कंट्रोलर दोन असतात ते एक गेला तरी दुसऱ्यानं काम चालवावं म्हणून. दोघंही ७० टक्के कामात असतील तर एक गेल्यावर दुसऱ्यावर १४० टक्के भार येणार. म्हणून प्रत्येकी ५० टक्क्यांच्या खालीच राहू द्या.

तिसरी पायरी: नेटवर्क

स्टोरेज मंद चालतंय, अशा तक्रारींचा मोठा हिस्सा शेवटी नेटवर्कवर येऊन थांबतो. आयस्कझीसाठी स्वतंत्र व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क), दोन वेगळे स्विच, दोन वेगळे सबनेट आणि सर्व्हरवर दोन वेगळी नेटवर्क कार्डं घ्या. प्रत्येक कंट्रोलरची एक तार एका स्विचला, दुसरी दुसऱ्याला. दोन्ही वाटा सांभाळायचं काम सर्व्हरवरच्या मल्टिपाथ या सॉफ्टवेअरवर सोपवा, तारा स्विचवर एकत्र बांधू नका. फाइलच्या बाजूला मात्र तारा एकत्र बांधणं योग्यच आहे, कारण तिथे अनेक माणसं एकाच पत्त्यावर येतात.

जंबो फ्रेम, म्हणजे नेहमीच्या १,५०० ऐवजी ९,००० बाइटची पॅकेट, वापरायच्या तर सर्व्हर आणि स्टोरेजवर ९,००० हा आकडा हवा आणि मधल्या स्विचवर किमान तेवढा. एक जागा १,५०० वर राहिली तर छोटी कामं चालतात आणि मोठी फाइल मध्येच अडकते. हा दोष शोधताना डोकं फुटतं. तपासायचं असं: पॅकेट फोडू नये अशी सूचना देऊन ८,९७२ बाइटचा पिंग पाठवा. उरलेले २८ बाइट हेडरचे. उत्तर आलं तर वाट नीट आहे. तिन्ही ठिकाणी हात पोचत नसेल तर १,५०० वरच राहा, त्यानं फार काही बिघडत नाही.

फायबर चॅनल असेल तर झोनिंगमध्ये (कोण कोणाला दिसेल हे स्विचवर ठरवताना) एका झोनला सर्व्हरचा एकच पोर्ट ठेवा. फायरवॉल मध्ये येत असेल तर आयस्कझीला ३२६०, एनएफएसला २०४९ आणि एसएमबीला ४४५ हे पोर्ट लागतात. पेटीचं व्यवस्थापनाचं पान इंटरनेटवरून कधीही दिसता कामा नये.

घड्याळ आणि डीएनएस आत्ताच लावून घ्या. अॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोजची वापरकर्त्यांची मध्यवर्ती नोंदवही) ओळख तपासणारा केर्बेरॉस नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. स्टोरेजचं घड्याळ सहा मिनिटं मागे पडलं की पासवर्ड बरोबर असूनही कोणालाच शेअर उघडता येत नाही.

चौथी पायरी: पूल आणि थिन प्रोव्हिजनिंग

थिन म्हणजे सर्व्हरला १० टेराबाइटची लन दाखवायची, पण जागा लिहिली जाईल तशीच द्यायची. सोय उत्तम आहे. धोका असा, की सगळ्यांना मिळून दाखवलेली जागा पूलपेक्षा मोठी होते आणि एक दिवस पूल खरोखर भरतो. युनिफाइड पेटीत हा धोका दुप्पट समजा. कोणीतरी शेअरवर प्रशिक्षणाचे व्हिडिओ टाकतो, आणि पूल एकच असल्यानं त्याच रात्री डेटाबेसचं लिखाण थांबतं. डेटाबेस सांभाळणाऱ्याची काहीच चूक नसते. म्हणून शक्य असेल तिथे महत्त्वाच्या लनला पूर्ण जागा राखून द्या, शेअरना कोटा लावा, आणि ७०, ८० व ९० टक्क्यांवर सूचना किमान दोन माणसांच्या मेलवर जाईल असं करा. ८० ची सूचना आली की खरेदीचा अर्ज हलला पाहिजे. डिस्क यायला लागणारा वेळ धरूनच हा आकडा ठरवायचा.

मालकीचा मुद्दा इथेही येतो. शेअरवरची फाइल पुसली की, ती स्नॅपशॉटमध्ये अडकलेली नसेल तर, जागा मोकळी होते. लनच्या आत सर्व्हरनं फाइल पुसली तर त्यानं फक्त स्वतःच्या वहीत खूण केली. स्टोरेजला ते ब्लॉक अजून भरलेलेच वाटतात. ‘हे ब्लॉक आता नकोत’ हा निरोप अनमॅप नावाच्या आज्ञेनं जातो, आणि तो चालू आहे की नाही हे प्रत्येक सर्व्हरवर तपासावं लागतं.

पाचवी पायरी: लन देणं

आधी स्टोरेजवर सर्व्हरची नोंद करा. आयस्कझीत सर्व्हरची ओळख आयक्यूएननं होते, फायबर चॅनलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूपीएननं. ती हातानं टाइप करू नका, कॉपी करा. मग लन तयार करून फक्त त्या नोंदीला जोडा. ‘सर्वांना’ हा पर्याय दिसला तरी त्याकडे बघू नका. लनच्या नावात सर्व्हर आणि उपयोग दोन्ही यावेत. ‘नवी लन २’ हे नाव दोन वर्षांनी वाचणाऱ्याला काही सांगत नाही, आणि पुसायची वेळ येते तेव्हा हात थरथरतो.

जोडणाऱ्या सर्व्हरची ओळख तपासणारा चॅप पासवर्ड लावा. विंडोजच्या इनिशिएटरला (लन जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो १२ ते १६ अक्षरांचा लागतो. सर्व्हरवर मल्टिपाथ आधी बसवा, डिस्क नंतर घ्या. नाहीतर तीच डिस्क दोनदा किंवा चारदा दिसेल. लिनक्सवर डिस्क तिच्या यूयूआयडीनं (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकानं) जोडा आणि नेटवर्क सुरू झाल्यावरच जोडली जाईल अशी खूण ठेवा, नाहीतर पुढच्या रिबूटला सर्व्हर अर्ध्यावर अडकेल.

सहावी पायरी: शेअर देणं

बहुतेक पेट्यांमध्ये आधी एक आभासी नॅस सर्व्हर बनवायचा असतो. त्याला स्वतःचा आयपी, स्वतःचं नाव, आणि विंडोजची माणसं असतील तर अॅक्टिव्ह डिरेक्टरीत नोंद. एसएमबीची पहिली आवृत्ती बंदच ठेवा. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या त्रुटीतून. जुना स्कॅनर तिच्याशिवाय चालत नसेल तर तो बदलायचा, दार उघडायचं नाही.

परवानग्या माणसाला नको, गटाला द्या. माणूस विभाग बदलतो तेव्हा त्याला गटातून काढणं हे एक काम असतं, शंभर फोल्डर धुंडाळणं हे वेगळंच काम असतं. शेअरच्या पातळीवर मोकळीक ठेवून खरं नियंत्रण फोल्डरच्या परवानग्यांवर ठेवलं तर गोंधळ कमी होतो. दोन्हीकडे वेगवेगळे नियम लावले की त्यातला कडक लागू होतो आणि कारण सापडत नाही.

एनएफएसचा स्वभाव वेगळा आहे. नेहमीच्या पद्धतीत तो सर्व्हरनं सांगितलेला यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) खरा मानतो. १००१ क्रमांकाचा माणूस एका सर्व्हरवर लेखापाल आणि दुसऱ्यावर प्रशिक्षणार्थी असेल, तर एनएफएसच्या दृष्टीनं ते एकच. म्हणून यूआयडी सगळीकडे सारखे ठेवा, एक्सपोर्ट (एनएफएसचे शेअर) ठरावीक आयपींनाच द्या आणि रूट स्क्वॉश (सर्व्हरच्या रूटला इथे साधा वापरकर्ता मानणारी सोय) चालू राहू द्या. गोपनीय डेटा असेल तर केर्बेरॉस लावा. आणि एकच फोल्डर एसएमबी व एनएफएस दोन्हींनी देणं जमेल तितकं टाळा. दोघांच्या परवानग्यांची भाषा वेगळी आहे आणि भाषांतरात काहीतरी निसटतंच.

सातवी पायरी: स्नॅपशॉट आणि बॅकअप

फाइलच्या बाजूला स्नॅपशॉट हे वरदान आहे. चुकून पुसलेली फाइल माणूस ‘आधीच्या आवृत्त्या’मधून स्वतःच परत आणतो, तुम्हाला फोनही येत नाही. लनच्या बाजूला जपून. स्टोरेजनं घेतलेला लनचा स्नॅपशॉट म्हणजे सर्व्हरची वीज त्या क्षणी गेली असती तर डिस्क जशी राहिली असती तशी अवस्था. चांगला डेटाबेस त्यातून उठतो, पण त्यावर विसंबू नका. स्नॅपशॉटच्या आधी डेटाबेसला क्षणभर थांबवणारी सोय वापरा. विंडोजवर ते काम व्हीएसएस करतं.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात. पेटी गेली की तेही गेले. दुसऱ्या ठिकाणी रेप्लिकेशन केलं, म्हणजे डेटाची सतत नक्कल ठेवली, तरी चुकून पुसलेलं तिकडेही पुसलं जातं. म्हणून वेगळा बॅकअप हवाच: डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर. त्यातली एक ठरावीक काळ कोणालाही, अगदी अॅडमिनलाही, पुसता येणार नाही अशी असावी.

रेप्लिकेशन सिंक्रोनस (दोन्हीकडे लिहून झाल्यावरच पुढे जाणारं) हवं की असिंक्रोनस (नक्कल मागून करणारं), हे अंतर ठरवतं. फायबरमध्ये प्रकाशाला १०० किलोमीटर जाऊन यायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो, आणि सिंक्रोनसमध्ये प्रत्येक लिखाण तेवढं थांबतं. मधली उपकरणं आणखी भर घालतात ते वेगळंच.

आठवी पायरी: ताब्यात घेण्याआधी मोडून पाहा

पेटी बसवणारा अभियंता समोर असतानाच हे करा. फिओसारख्या साधनानं तासभर भार चालू ठेवा आणि एक डिस्क ओढा. एक नेटवर्क तार काढा. एक वीजजोड काढा. शेवटी एक कंट्रोलर रिबूट करा. प्रत्येक वेळी काम किती सेकंद थांबलं, कोणाला मेल आला, कोणाला आला नाही, हे लिहून ठेवा. लिनक्समध्ये डिस्कच्या उत्तराची वाट बघण्याची मुदत साधारणपणे ३० सेकंद असते. कंट्रोलर बदलायला याहून जास्त वेळ लागत असेल तर उत्पादकानं सुचवलेला आकडा सर्व्हरवर लावून घ्या. एक फाइल आणि एक अख्खी लन बॅकअपवरून परत आणा. घड्याळ लावून.

खऱ्या पेटीवर हात साफ करायची भीती वाटत असेल तर ट्रूनॅस हे स्टोरेजचं सॉफ्टवेअर एखाद्या आभासी मशीनमध्ये बसवा. फुकट आहे, आणि त्यात एसएमबी, एनएफएस आणि आयस्कझी तिन्ही आहेत. २० गीगाबाइटचा पूल करा, त्यात एक शेअर आणि ३० गीगाबाइटची एक थिन लन. ती लन दुसऱ्या आभासी मशीनला जोडून फॉरमॅट करा. मग शेअरवर मोठ्या फाइल टाकत पूल मुद्दाम भरा. शेअरवर लिहिणाऱ्याला ‘जागा संपली’ असा सरळ निरोप मिळेल. आता दुसऱ्या मशीनवर जा. तिथे डिस्कवर जवळजवळ ३० गीगाबाइट मोकळे दिसत असतील, आणि लिहायला गेलात की डिस्कच बिघडल्यासारख्या एरर येतील.